किती सीसीची घ्यायची?

“रेस करायची आहे, किती सीसीची मोटरसायकल घेऊ?” असं विचारणाऱ्याने उत्तर बहुतेक वेळा घरूनच ठरवून आणलेलं असतं. चारशे तर पाहिजेच, जमलं तर साडेसहाशे. माझ्याकडून त्याला फक्त शिक्का हवा असतो. मी शिक्का मारत नाही. तुझं वजन किती, आणि गाडी आडवी झाली तर किती पैसे गेलेले घरात चालतील, एवढंच विचारतो. वजन सांगताना माणसं हमखास चार किलो कमी सांगतात. दुसऱ्या प्रश्नावर “पडेन कशाला?” म्हणणारा भेटला की चहा मागवायचा आणि विषय क्रिकेटवर न्यायचा.

मी काही नाव काढलेला रेसर नाही. भोसरीत लेथ आणि मिलिंगच्या गराड्यात नोकरी करतो, चाळिशी ओलांडली आहे, आणि वर्षातले मोजके वीकएंड दक्षिणेतल्या ट्रॅकवर, ग्रिडच्या, म्हणजे रेस सुटताना गाड्या उभ्या करतात त्या रांगांपैकी, मधल्या नाहीतर त्याच्याही मागच्या रांगेत घालवतो. हौशी म्हणतात तसला. हौशी माणसाला कुणी पैसे देत नाही. एंट्री फी आपली, टायर आपले, टेम्पोचं भाडं आपलं, आणि घरी परतल्यावर भाजी आणायची पाळीही आपलीच. म्हणून किती सीसीच्या गटात उतरायचं हा आमच्यासाठी नुसता वेगाचा प्रश्न नसतो. आणि याच कारणाने मी लहान गटाची वकिली करतो. लहान गाडी म्हणजे शिकाऊ लोकांची पायरी, ती ओलांडून पुढे जायचं असतं, असा जो समज आहे तो मला मुळातच पटत नाही.

आधी आमच्या भागाचा एक विनोद सांगतो. चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या गाड्या बनतात. तिथून निघालेली आरसी ३९० जर्मनीतल्या एडीएसी ज्युनियर कपमध्ये पोरासोरांनी कैक वर्षं पळवली. चाकणपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला मात्र तीच गाडी धडपणे रेसच्या ट्रॅकवर न्यायची तर हजार-बाराशे किलोमीटर जावं लागतं. मातीतल्या रेसचं वेड पुण्याला चांगलं आहे, सुपरक्रॉसला इथे गर्दी जमते. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा ट्रॅक आहे, पण तो मुळात गो-कार्टिंगचा. लहान गाडीवर वळणांचा हात बसवायला ठीक, त्यापलीकडे नाही. डांबरावरची रेस म्हणजे चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट किंवा कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किटही आहे. ५.१२५ किलोमीटरचा. २०२३ मध्ये तिथे मोटोजीपी झाली तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. पण त्याच्या लांबलचक सरळपट्टीवर दीडशे सीसीची गाडी नेऊन पाहावी. टाकीवर हनुवटी टेकवून इतका वेळ पडून राहावं लागतं की डिझेलच्या भावापासून मुलांच्या फीपर्यंत सगळं आठवून होतं.

ट्रॅकचं माप आणि गाडीचं माप जुळावं लागतं, हे कुणी आधी सांगत नाही. करी २.१ किलोमीटरचा. चेट्टीपाळयमची जुनी धावपट्टी होती, तिच्यावर वळणं बसवलेली. तिथे साडेसहाशेची गाडी तोंड उघडेपर्यंत ब्रेक मारायची वेळ येते. चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा, त्यात मुख्य सरळपट्टी संपल्यावर येणारं वेगवान उजवं वळण, ज्याला सगळे नुसतं ‘सी-वन’ म्हणतात. लहान गाडी तिथे जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर आत घालता येते. म्हणजे घालता येते असं शरीराला पटवता आलं तर. हात आपोआप मागे फिरतो. सी-वनला हात न फिरवणं ही एवढी एकच गोष्ट शिकायला काहींना पूर्ण सीझन लागतो, आणि दोनशेच्या वेगाने येणाऱ्या गाडीवर ती शिकायची तर देवच राखो.

आता गटांबद्दल. राष्ट्रीय स्पर्धेत गेली काही वर्षं ठळकपणे दिसतात ते दोन : १६५ सीसीपर्यंतचा प्रो-स्टॉक (रस्त्यावरच्याच गाड्या, नियमांत बसतील तेवढे बदल केलेल्या), आणि ३०१ ते ४०० चा प्रो-स्टॉक. नवशिक्यांसाठी स्टॉक १६५ नोव्हिस, मुलींची स्टॉक १६५ ची वेगळी रेस. शिवाय कंपन्यांचे वन-मेक कप, म्हणजे सगळ्यांना एकाच मॉडेलची गाडी. टीव्हीएसचा १९९४ पासूनचा, रॉयल एन्फिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ पासूनचा, होंडाचा टॅलेंट कप वगैरे. नावं, गट आणि नियम बदलत राहतात, म्हणून त्या-त्या वर्षीची नियमावली आधी वाचावी, गाडीचं बुकिंग नंतर.

हे गट पाडतं कोण आणि कशावरून? कुस्तीत पैलवानाला काट्यावर उभं करतात, इथे इंजिनाला करतात, आणि सगळी गंमत तिथून सुरू होते. सीसी हे काही ताकदीचं खरं माप नव्हे. आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतींमध्ये १९२२ साली ‘लाइटवेट’ गट सुरू झाला तो २५० सीसीचा, आणि २०१२ मध्ये त्याच नावाने परत आणला तो ६५० च्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, इंजिनांचा. जागतिक सुपरस्पोर्ट ३०० मध्ये तर नावात तीनशे आणि ग्रिडवर ३२१ ची यामाहा, ३७३ ची केटीएम, ३९९ ची कावासाकी आणि ४७१ ची होंडा! त्यांना एका पातळीवर आणायला आयोजक प्रत्येक मॉडेलला वेगळी आरपीएमची मर्यादा आणि वेगळं किमान वजन लावायचे. २०१८ मध्ये आना कारास्को या स्पॅनिश मुलीने निन्जा ४०० वर त्या गटाचं जगज्जेतेपद मिळवलं ते फक्त एका गुणाने. सर्किटवरच्या एकट्या स्वाराच्या मोटरसायकल रेसिंगमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. लहान गट पोरखेळ वाटतो त्याने त्या वर्षीच्या शर्यती काढून पाहाव्यात. सरळपट्टीवर दहा-बारा जणांचा घोळका, आणि लीडवर असणारा अस्वस्थ, कारण त्याच्यामागे वाऱ्याच्या आडोशाला बसलेले सगळे ब्रेकिंगच्या खुणेआधी त्याला गिळणार हे त्याला ठाऊक असतं.

आपल्याकडची आकडेवारी घेऊ, रस्त्यावरच्या गाडीची. यामाहा आर१५ साधारण १४२ किलो, अठरा-एकोणीस पीएस (म्हणजे अश्वशक्ती). आरसी ३९० साधारण १७२ किलो, ४३ पीएस. साडेसहाशेची कॉन्टिनेंटल जीटी दोनशे किलोंच्या वर, ४७ पीएस. सीसीकडे बघून जीटी सगळ्यांत मोठी, पण माणूस वर बसवून भागाकार केला तर ३९० आणि ती एकाच पंगतीत बसतात, किंबहुना ३९० थोडी उजवीच. मग आर१५ बिचारी कुठे? सरळपट्टीवर कुठेच नाही. पण वळणात गणित बदलतं. वळणातली गाडी किती कलते हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात, त्या समीकरणात वजन येतच नाही. ५० मीटर त्रिज्येचं वळण पंचेचाळीस अंशात झुकून घ्यायचं तर वेग ताशी ८० च्या आसपास निघतो, गाडी दीडशेची असो की साडेसहाशेची. उलट रुंद टायरच्या गाडीला त्याच वेगासाठी थोडं जास्त झुकावं लागतं. म्हणजे मोठ्या गाडीला जास्तीचं जे काही मिळतं ते सगळं सरळपट्टीवर, आणि ते ब्रेकमध्ये फेडावं लागतं. माझ्यासकट आर१५ ताशी १२० वरून थांबवायला जेवढी ऊर्जा ब्रेकनी खायची असते, त्याच्या सव्वादोनपटीहून जास्त ऊर्जा जीटी १६० वरून थांबवताना खावी लागते. हात तेच, बोटं तीच.

लहान गाडी शिकवते ती इथे. मी एकदा वहीत मांडून पाहिलं होतं. वळणातून ८० ने बाहेर पडणारा आणि ८५ ने बाहेर पडणारा, पुढे तीनशे मीटर सरळ. कमी ताकदीच्या गाडीवर त्या पाच किलोमीटरचा तोटा सरळपट्टीच्या शेवटी जवळजवळ ०.३६ सेकंदाचा होतो, म्हणजे तेरा-चौदा मीटर. दुप्पट जोमाने वेग घेणाऱ्या गाडीवर तोच तोटा पाव सेकंदावर येतो. मोठं इंजिन तुमची चूक गुपचूप भरून देतं. १६५ च्या गाडीवर चूक भरून निघत नाही, ती पुढच्या वळणापर्यंत तुमच्याबरोबर येते, आणि तेवढ्यात तीन जण पुढे गेलेले असतात.

हे वहीत वाचून पटत नाही, म्हणून करीवरचा एक प्रसंग. सरावाचा दिवस होता, मित्राने त्याची ३९० दोन फेऱ्या मारायला दिली. मागे एक आर१५ लागली. सरळपट्टीवर मी सुटायचो, आरशाची गरजच नाही (आणि रेसच्या गाडीला आरसे नसतातच), तिचा आवाज विरून जायचा. पुढच्या वळणात तो बारीक, चिरका आवाज पुन्हा उजव्या कानाशी. असं दोन-तीन वळणं झालं. मग एका डाव्या वळणाला मी माझ्या नेहमीच्या खुणेला ब्रेक मारला, आणि ती बाहेरून, माझ्याहून कितीतरी पुढे जाऊन. तेव्हा ती मला नीट दिसली. दोनच बोटं ब्रेकच्या लिव्हरवर. पुढचे फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉक अब्सॉर्बर, खाली दबलेले, आणि गाडी झुकायला लागली तरी फोर्क वर येईनात, कारण तिने ब्रेक सोडलाच नव्हता. झोक वाढत होता तसतसा ती ब्रेक हळूहळू सैल करत होती, नळ एकेक थेंबाने सोडावा तसा. वळणाच्या पोटात गेल्यावर फोर्क हलकेच वर आले, गुडघ्याची प्लास्टिकची पट्टी डांबराला खरखरली, आणि त्याच क्षणी थ्रॉटल. मी अजून गिअर पाडत होतो.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, तिने हेल्मेट काढलं तर सतरा-अठराची मुलगी. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, “अंकल, ब्रेक बहुत जल्दी.” मी मान हलवली. दुसरं काय करणार? अंकल हा शब्दही बरोबरच होता.

वळणात शिरतानाही ब्रेक असा हळूहळू सोडत जाणं म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, हे पुस्तकात असतं. पण दीडशेच्या गाडीवर ते कामापुरतं नव्हे, पोटापाण्याचं असतं. त्याशिवाय वेग टिकतच नाही. ३९० वर ते न करताही माणूस बऱ्यापैकी वेगात फिरतो आणि आपल्याला सगळं येतं असं समजून घरी जातो. माझ्या ओळखीत असे दोघे-तिघे आहेत. लॅप टाइम चांगला, गाडी सुसाट, आणि ओल्या ट्रॅकवर उतरले की अचानक कुणीतरी दुसरंच गाडी चालवतंय असं वाटावं.

आता खिसा. नोव्हिस गटाच्या वेगात, वळणाच्या आतल्या बाजूला गाडी सरकून पडली (आम्ही लोसाइड म्हणतो) तर १६५ मध्ये जातं काय? क्लचचं लिव्हर, एक फूटपेग, हँडल वाकतं, फेअरिंगला, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाला, तडा. फेअरिंग झिपटायने शिवायचं, लिव्हर शेजारच्या पिटमधून मागून आणायचं, आणि दुपारच्या रेसला उभं राहायचं. माझ्या नाना पेठेतल्या मेकॅनिकला फोटो पाठवला की तो पडल्याचं दुःख न करता “दादा, पेग जुन्या बाजारातून आणू का?” एवढंच विचारतो. मोठ्या गाडीचं तसं नाही. वजन जास्त, वेग जास्त, घसरत लांबवर जाते, मातीत उलटते. मग रेडिएटर, टाकी, कधी फोर्क. त्या गाड्यांचे चांगले टायरही महाग आणि ते लवकर खपतात. पडायची भीती खिशात बसलेली असली की ब्रेकची खूण पुढे सरकतच नाही. म्हणून पहिल्या काही वर्षांत अशी गाडी घ्यावी जी पडलेली बघवते. शोरूममधून आणलेली चकचकीत गाडी पडलेली कुणाला बघवत नाही, तेव्हा सेकंडहँड घ्यावी, आधीच कुणीतरी दोन-चारदा आपटलेली असेल तर बरंच.

अंगावरच्या गोष्टींत मात्र काटकसर नको. एकसंध लेदर सूट, पाठीचं प्रोटेक्टर, मनगटावर येणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, चांगलं फुल-फेस हेल्मेट. १६५ साठी हे जेवढ्याला पडतं तेवढ्यालाच साडेसहाशेसाठी. डांबर सीसी विचारत नाही. ज्यांना हा खर्च जड वाटतो ते मग रविवारी सकाळी ताम्हिणीत जाऊन जीन्सवर ‘रेस’ करतात. समोरून दुधाचा टेम्पो येणाऱ्या रस्त्यावर. त्यांना कोणत्या गटात घालायचं हे मला अजून कळलेलं नाही.

गाडी रेससाठी तयार करणं हा माझा सगळ्यांत आवडता भाग, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. आरसे, हेडलाइट, इंडिकेटर, स्टँड काढायचे. रेडिएटरमधलं हिरवं कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर साबणासारखं निसरडं होतं आणि मागून येणारे पाच जण त्यावर जातात. मग लॉकवायर. इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टच्या डोक्याला आडवं, साधारण दीड मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यातून स्टीलची बारीक तार ओवायची, पीळ द्यायचा आणि दुसरं टोक जवळच्या पक्क्या जागी अशा बाजूने बांधायचं की बोल्ट सैल व्हायला गेला तर तार ओढली जाऊन तो उलट आवळलाच जावा. हे भोक पाडणं म्हणजे शंभर नखरे. षटकोनी डोक्याच्या कोपऱ्यावर ड्रिलचं टोक ठरत नाही, घसरतं, आणि मोडलं की आतच अडकतं. आधी पंच मारून खळगा करायचा, व्हाइसमध्ये बोल्ट तिरका पकडायचा, तेलाचा थेंब, कमी स्पीड, आणि घाई अजिबात नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात हे करत होतो तर आमचा एक ऑपरेटर बराच वेळ बघत उभा राहिला. “सर, भोक कशाला?” म्हटलं, बोल्ट सुटून ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून. तो म्हणाला, “मग बोल्ट नीट आवळा की.” स्क्रूटिनीच्या, म्हणजे रेसआधीच्या गाडीच्या तपासणीच्या, रांगेत उभं असताना मला दर वेळी त्याचं ते वाक्य आठवतं, आणि अधिकाऱ्याने तार बोटाने ओढून मान डोलावली की बरं वाटतं.

हे सगळं नको असेल तर वन-मेक कप. गाडी कंपनीची, मेकॅनिक कंपनीचे, सगळ्यांना सारखी. निवड चाचणीत वेळ काढायचा, फी भरायची, सूट घालून ग्रिडवर उभं राहायचं. पुण्याहून टेम्पो न्यायचा ताप नाही, आणि हरलो तर गाडीवर खापर फोडायची सोय नाही. हा फार मोठा फायदा आहे. सुरुवात तिथे करावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं. अडचण एवढीच की रेसचा वीकएंड संपला की गाडीही गेली. मधल्या दिवसांत हात बसवायला आपल्याजवळ काही उरत नाही. आणि काही कप मुळातच कोवळ्या पोरांसाठी. होंडाच्या टॅलेंट कपमध्ये पूर्वी पळणाऱ्या एनएसएफ२५०आर या चिमुकल्या जीपी गाडीचे फोटो मी अजून बघतो. चौऱ्याऐंशी किलोची गाडी! म्हणजे गाडी आणि मी वजनाने जवळजवळ बरोबरीत. पण वय बघून आम्हाला दारातूनच नमस्कार.

वजनाचा विषय निघालाच आहे तर तो टाळता येणार नाही, कारण माझ्या सगळ्या वकिलीला तिथेच भोक आहे. आर१५ वर ५८ किलोचा मुलगा बसला तर एकूण दोनशे किलो, मी बसलो तर सव्वादोनशे. तेवढ्याच एकोणीस पीएसला साडेबारा टक्के जास्त ओझं, शिवाय वाऱ्याला छातीही रुंद. मोटोथ्रीमध्ये (मोटोजीपीबरोबरचा सगळ्यांत लहान गट) गाडी आणि स्वार मिळून १५२ किलोंची किमान मर्यादा असते, म्हणजे हडकुळ्या स्वाराच्या गाडीला वजन लावून हिशेब सारखा करतात. अशी भरपाई सगळीकडे मिळत नाही. मेकॅनिकला मी मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं टाकू का, हलका सायलेन्सर लावू का, असं विचारत होतो. तो ग्रीसचे हात पुसत म्हणाला, “दादा, सायलेन्सरमध्ये तीन किलो वाचतील. वडापाव सोडलात तर आठ.”

तर कागदावर माझी जागा ३९० मध्ये आहे, किंवा जीटी कपमध्ये. तरी मी १६५ मध्ये राहिलो, त्याचं कारण लॅप टाइममध्ये नाही. ते ग्रिडच्या गर्दीत आहे. १६५ च्या गटात गाड्या भरपूर असतात. तुम्ही पहिले असा, विसावे असा, तुमच्या आगे-मागे अर्ध्या सेकंदात कुणीतरी असतं. मी चौदाव्या जागेसाठी ज्या रेस केल्यात तशा रेस पहिल्या जागेसाठीही होत नसतील. मोठ्या गटात ग्रिड विरळ असेल तर पुढचे तीन-चार निघून जातात, मागचे दोन लॅपमध्ये सुटतात, आणि मधला माणूस उरलेले लॅप एकटाच, जणू मॉर्निंग वॉकला निघाल्यासारखा. पैसे मोजून एकटं फिरायचं तर घरचा रस्ता काय वाईट?

ही गर्दी अचानक झालेली नाही. आपल्याकडे रेसिंग वाढलंच स्वस्त यंत्रांवर. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर, १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक व्हायच्या आधी, माणसं रोजच्या वापरातल्या टू-स्ट्रोक गाड्या सोलून पळवत. कोईमतूरचा ट्रॅक ज्यांच्या नावाचा आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती नावाची एकसीटर रेसकार बनवली. ते १९९५ मध्ये गेले. परदेशी यंत्रं परवडत नव्हती, तर त्यांनी गल्लीत मिळणारं इंजिन घेतलं, आणि कितीतरी जणांना एकसीटर चालवायला मिळाली. आर१५ २००८ मध्ये आली तेव्हा दुचाकीत काहीसं तसंच झालं. लिक्विड कूलिंग, चार व्हॉल्व्ह, डेल्टाबॉक्स फ्रेम, आणि हप्त्यावर मिळणारी. कॉलेजच्या पार्किंगमधली गाडी ट्रॅकवर नेता येऊ लागली. अजूनही पॅडॉकमध्ये फिरलं तर एका पिटमध्ये कोळ्ळेगालचा मुलगा, पलीकडे कोझिकोडचे दोघे भाऊ, मग मिझोराममधून आलेला एक हसरा पोरगा, आणि सगळ्यांचे पाने एकमेकांकडे. भाषा कुणाची कुणाला येत नाही. “अण्णा, टेन नंबर?” म्हटलं की दहाचा पाना येतो. परत मात्र आपण मागितल्याशिवाय कधी येत नाही, तेवढं गृहीत धरावं.

माझा नियम विचाराल तर एवढाच आहे : ज्या गटात आपण मधोमध असू आणि आपल्याभोवती सगळ्यांत जास्त गाड्या असतील, तो गट. मग ती १६५ असो, जुन्या ३९० असोत, की परदेशात राहणाऱ्यांसाठी सुझुकीची एसव्ही ६५०. इंग्लंडमध्ये मिनिट्विन्स नावाचा आख्खा गट या एका मॉडेलवर उभा राहिला. ती १९९९ पासूनची व्ही-ट्विन, साधी, दणकट, जुनी मिळणारी. तिथे कुणी नात्यातलं असेल आणि त्याला खाज असेल, तर सहाशेच्या चार सिलिंडरवाल्या गाड्यांकडे डोळे झाकून पाठ फिरवावी आणि त्या घोळक्यात घुसावं.

गेल्या महिन्यात दोघांनी विचारलं. एक चिंचवडचा, सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोचा, दारात वडिलांनी घेतलेली आर१५. त्याला म्हटलं, दुसरी गाडी बघू पण नकोस, रेसिंगच्या परवान्याचा अर्ज भर, नोव्हिसमध्ये उतर, आणि वडिलांना आधी सांग, पडल्यावर नको. दुसरे कोथरूडचे डॉक्टर, नव्वदीच्या पुढे, उंच, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना १६५ च्या गाडीवर घडी घालून बसवणं म्हणजे छळ. त्यांना जीटी कपच्या निवड चाचणीला जा म्हटलं. बसायला ऐसपैस, सगळ्यांच्या गाड्या सारख्या, आणि तिथे त्यांच्या मापाची माणसंही भेटतील. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकलं, वहीत लिहून घेतलं, आणि शेवटी विचारलं, सूट कोणत्या रंगाचा घेऊ. काळा घ्या म्हटलं, घासलेलं दिसत नाही.